‘यू’ प्रमाणपत्राचा श्रीकृष्ण

चित्रपटगृहातले दिवे मालवले की पडद्यावर सर्वप्रथम यायचा तो एक कागद. चित्रपटाचे नाव, भाषा, रिळांची संख्या, लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक, खाली सह्या आणि शिक्का. कागद थोडासा थरथरत असे, कडांना ओरखडे असत, आणि तो वाचून पूर्ण होण्याआधीच नाहीसा होई. तरीही सारे प्रेक्षागृह त्या काही क्षणांपुरते शांत होत असे. मुले रिळे मोजत, कारण रिळे जास्त म्हणजे चित्रपट मोठा आणि पैसे वसूल. जाणकार मंडळी डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण आहे का ते पाहत. त्रिकोण असला तर सेन्सॉरने कात्री चालवलेली आहे हे समजावे. घरातली वडीलधारी माणसे मात्र एकच अक्षर शोधत.

त्या अक्षराने मराठी मुलांचा गोंधळही पुष्कळ केला. इंग्रजीतला ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी आणि ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. पण त्याच कागदावर देवनागरीत सर्वांसाठी ‘अ’ लिहिलेले असे, अनिर्बंधित या अर्थी, आणि प्रौढांसाठी ‘व’, वयस्क या अर्थी. पडद्यावर ‘अ’ दिसला की आता आपल्याला बाहेर काढणार, अशी धास्ती बाळगणारी मुले आमच्या पिढीत कमी नव्हती.

नगरला सकाळच्या खेळाला जुने पौराणिक आणि संतपट लागत. त्यांच्या आधी येणारा कागद नेहमी ‘यू’चाच. तो गेला की पडदा उजळे आणि थोड्याच वेळात मोरपीस लावलेला, ओठांवर बासरी धरलेला एक हसरा चेहरा समोर येई. पुढच्या रांगांतल्या बायका नकळत हात जोडत. मागून कुणीतरी हमखास सांगे की हा आपल्या नगरचा. सांगणाऱ्याच्या स्वरात जो अभिमान असे, तो किल्ल्याविषयी बोलतानाही नसे. तो चेहरा शाहू मोडक यांचा.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. घराणे मराठी ख्रिस्ती. ही गोष्ट त्यांच्या आयुष्याविषयी बोलताना सर्वांत आधी सांगितली जाते आणि बहुधा आश्चर्याने सांगितली जाते. नगरचा इतिहास ठाऊक असलेल्याला मात्र त्यात फारसे आश्चर्य वाटू नये. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये या गावात काम सुरू केले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच निघू लागले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या चालीत आणि कीर्तनाच्या रीतीने मांडली ती याच परिसरात. टाळ-मृदंग या ख्रिस्ती समाजाला परका नव्हता. टिळक १९१९ मध्ये वारले, तेव्हा शाहू एक वर्षाचा होता. त्याच्या कानांवर बालपणी नेमके काय पडले याचा हिशेब आज कोण देणार? पण ज्या गावात प्रार्थनामंदिरातही ओवी-अभंगाचे वळण घुमत होते, त्या गावातून पडद्यावरचा श्रीकृष्ण आणि ज्ञानेश्वर निघाला, हा केवळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

बोलपट मराठीत अवतरला १९३२ मध्ये. ‘अयोध्येचा राजा’ त्या वर्षी फेब्रुवारीत पडद्यावर आला आणि त्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ काढला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. कृष्णाच्या भूमिकेसाठी गाता गळा आणि देखणा चेहरा असलेला मुलगा हवा होता. पार्श्वगायन तेव्हा रुळलेले नव्हते. ज्याने पडद्यावर गायचे त्यानेच कॅमेऱ्यापुढे गायचे. चौदा वर्षांचा शाहू कृष्ण झाला, राधा झाली शांता आपटे. दोघांचाही तो पहिला चित्रपट. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला आणि रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ज्या वयात मुले शाळेच्या स्नेहसंमेलनात रंग लावतात, त्या वयात नगरचा हा मुलगा लोकांच्या देव्हाऱ्याच्या शेजारी जाऊन बसला.

‘श्यामसुंदर’ला जे प्रमाणपत्र मिळाले ते पुढच्या पिढ्यांनी पाहिलेल्या कागदाहून वेगळे होते. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे असे. यावरूनच मंडळाची काळजी कोणत्या प्रकारची होती हे ध्यानात यावे. मुलांनी काय पाहावे यापेक्षा रयतेने काय पाहू नये, याकडे लक्ष अधिक. व्ही. शांताराम यांच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला १९३० मध्ये ‘उदयकाल’ व्हावे लागले. प्रभातच्या ‘महात्मा’ला १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ व्हावे लागले. स्वराज्य आणि महात्मा हे दोन शब्दच सरकारला धोक्याचे वाटत होते. वयाची वर्गवारी मात्र कायद्यात नव्हती. चित्रपट सार्वजनिक प्रदर्शनास योग्य किंवा अयोग्य, एवढाच निवाडा. योग्य ठरला की तो आजोबांनाही योग्य आणि नातवालाही.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, मोडक यांनी ‘आऊट घटकेचा राजा’मध्ये दोन भूमिका केल्या. भारतीय बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका मानतात. एकाच माणसाला एकाच चौकटीत दोनदा दाखवणे म्हणजे तेव्हा मोठीच करामत. अशा करामतींचे त्या काळच्या मराठी चित्रकर्मींना वेडच होते. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून त्यांचा चालता-बोलता खेळ दाखवला होता, आणि १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबुकाका’ नावाचे छोटे व्यंगचलच्चित्र काढले. कोल्ह्याची ती गंमत होती. रेखाटलेली चित्रे हलवायची तर प्रत्येक हालचालीसाठी निराळे चित्र काढावे लागे. खर्च आणि वेळ पाहता तो मार्ग पुढे फारसा चालवला गेला नाही. पण कॅमेऱ्याच्या पोटात अशक्य ते शक्य करण्याची हौस प्रभातमध्ये टिकून राहिली, आणि तिचा सर्वांत मोठा लाभ पुढे मोडक यांच्याच वाट्याला आला.

प्रभातमध्ये ते आले १९३८ च्या सुमारास. के. नारायण काळे यांचा ‘माझा मुलगा’ हा त्यांचा तेथला चित्रपट. पौराणिक नव्हे, सामाजिक. आणि १९३९ मध्ये आला ‘माणूस’.

माझ्या मते शाहू मोडक यांचे सर्वश्रेष्ठ काम हेच. मोरपीस नाही, बासरी नाही. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई. कुंटणखान्यावर धाड पडते, त्यात सापडलेली मैना त्याच्या दयेने सुटते, आणि मग हा सरळमार्गी माणूस तिला त्या गर्तेतून बाहेर काढू पाहतो. शांता हुबळीकर यांची मैना तेजस्वी आणि घायाळ. अनेक भाषांत गायलेल्या तिच्या गाण्याने ती अमर झाली. त्या तेजापुढे गणपत झाकोळून जाण्याचा धोका होता. मोडक यांनी तो अतिशय संथ, संकोची अभिनयाने टाळला. गणवेशातला माणूस आपल्या मनाला किती घाबरतो हे त्यांच्या चालण्यातून दिसते. मैना खुनाच्या आरोपाखाली जन्मठेपेला जाते, तो जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचतो आणि अखेर कामावर परततो. अनंत काणेकरांचे संवाद, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि शांताराम यांचे दिग्दर्शन असा योग जुळला होता. त्या काळातल्या हिंदी चित्रपटांतील झाडाभोवतीच्या प्रेमगीतांची मनसोक्त टिंगलही या चित्रपटात आहे, आणि गणपत-मैना ती पाहून हसतात तेव्हा मोडक यांच्यातला खोडकर मुलगा क्षणभर डोकावतो.

वेश्येची कथा, मद्य, खून. आज हा विषय मंडळापुढे गेला तर वयाच्या कोणत्या पायरीवर बसवावा यावर चर्चा झडेल. १९३९ मध्ये तशी पायरीच नव्हती. आयांनी मुलांना कडेवर घेऊन ‘माणूस’ पाहिला. चित्रपटाच्या आधी त्यांना कोणीही सावध केले नाही. त्यामुळे कोणाचे काय बिघडले याची नोंद इतिहासात तरी आढळत नाही.

‘माणूस’नंतर मोडक यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक गणपतची होती, दुसरी गोपाळाची. १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत ज्ञानेश्वर’ काढला आणि वाट ठरून गेली.

लहानपणचा ज्ञानदेव यशवंत या बालनटाने केला, मोठेपणचा मोडक यांनी. एक गोष्ट मला नेहमी हलवून जाते. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. मे १९४० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मोडक नुकतेच बावीस पूर्ण करत होते, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी ते ज्ञानदेवांच्याच वयाचे होते. संतांच्या भूमिका बहुधा प्रौढ नटांना देण्यात येत. येथे तरुण संताला तरुणच नट मिळाला. आणि दुसरा धागा भूमीचा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही तेथे आहे. नेवासे हे नगर जिल्ह्यातले. नगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या ग्रंथाच्या कर्त्याचे रूप घेऊन साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला.

शिवराम वाशीकरांची कथा, शांताराम आठवल्यांची गीते, केशवराव भोळ्यांचे संगीत. चमत्कार दाखवायचे होते: रेड्याच्या मुखातून वेद, वाघावर बसून आलेला चांगदेव, आणि त्याला सामोरी जाणारी भिंत. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले, हाताने रंग लावणारे लोक. त्यांनी भिंत अशी चालवली की प्रेक्षकांनी श्वास रोखून धरला. पण भिंत चालते यापेक्षा तिच्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसते ते मोलाचे. मोडक यांच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही. पाहुणा आला आहे, त्याला सामोरे गेले पाहिजे, एवढाच भाव. चमत्काराचा गर्व त्यांनी सहज टाळला, आणि तेथे भूमिका जिंकली. समाधीच्या प्रसंगाला चित्रपटगृहांत लोक रडत.

त्या नटाचा धर्म कोणता, हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. वृत्तपत्रांत आणि मासिकांत नटांची माहिती छापून येत असे. नगरला तर घरच माहीत होते. तरीही हात जोडले गेले. आज अशा निवडीवर काय काय उसळले असते याची कल्पना वाचकांनी आपापल्या परीने करावी. त्या प्रेक्षकांना नटाच्या जन्मदाखल्याशी कर्तव्य नव्हते. समोर ज्ञानदेव दिसतो की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. आणि मोडक यांनीही आपला धर्म लपवला नाही, की त्याचे प्रदर्शन मांडले नाही.

१९४२ मध्ये विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये ते भरत झाले, मराठीत तो ‘भरत भेट’ या नावाने आला. राम होते प्रेम अदीब, सीता शोभना समर्थ. त्यानंतर हिंदी पौराणिक पटांचा ओघ सुरू झाला. श्रीकृष्णाची भूमिका त्यांनी एकूण २९ वेळा केली, असे सांगतात. १९५७ च्या ‘नरसी भगत’मध्ये ते देव नसून भक्त होते, आणि त्या चित्रपटातले दर्शनाची याचना करणारे भजन आजही मंदिरांतून ऐकू येते.

मधल्या काळात कागद बदलला होता. १९४९ च्या दुरुस्तीने चित्रपटांचे दोन वर्ग पडले, ‘ए’ आणि ‘यू’. जानेवारी १९५१ मध्ये मध्यवर्ती सेन्सॉर मंडळ आले आणि १९५२ मध्ये नवा कायदा. आता प्रत्येक चित्रपटाआधी प्रेक्षकाला सांगितले जाऊ लागले की हे कोणासाठी आहे. चित्रपटापूर्वीचा कार्यक्रमही आता लांबला. फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट, माहितीपट. आणि १९५६ मध्ये त्या संस्थेत व्यंगचित्रपट विभाग सुरू झाल्यावर कधीमधी एखादे हलत्या चित्रांचे पाच-दहा मिनिटांचे नवल. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथल्या तरुण चित्रकारांना शिकवले आणि जातककथेवरचा ‘बनियन डियर’ १९५७ मध्ये तयार झाला. अशा छोट्या पटांनाही त्यांचे त्यांचे प्रमाणपत्र असे. त्यामुळे एकाच खेळात तो थरथरता कागद दोनदा-तीनदा येई, आणि दर वेळी पोरे मुख्य चित्रपट सुरू झाला म्हणून टाळ्या पिटत. फसगत झाल्यावरची ती हशा-शिट्ट्यांची लाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती विसरता येणार नाही.

‘यू’ हे अक्षर शाहू मोडक यांचे जणू आडनावच बनले. निर्मात्याला खात्री हवी असे की आजी, सून आणि नातवंडे एकाच रांगेत बसतील. ती खात्री या चेहऱ्यात होती. पण तोच त्यांचा पिंजराही झाला, असे मला वाटते. ज्या नटाने एकविसाव्या वर्षी ‘माणूस’मधला गणपत उभा केला, त्याला त्या तोलामोलाची सामाजिक भूमिका पुन्हा मिळाली नाही. निर्माते येत ते मुकुट घेऊन. पौराणिक पटांचा दर्जा पुढे घसरत गेला. पुठ्ठ्याचे महाल, चकाकते दागिने, एकाच साच्यातली गाणी. त्या पसाऱ्यातही मोडक संवाद नेटका म्हणत, हसू उथळ होऊ देत नसत आणि सुदामा समोर आला की डोळ्यांत खरे पाणी आणत. २९ वेळा तीच भूमिका करताना कंटाळा येत नसेल काय? आला असेल तर तो पडद्यावर कधी दिसला नाही. नटाच्या शिस्तीचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली आणि १९६० मध्ये तिच्याच वास्तूत फिल्म इन्स्टिट्यूट आली. मोडक यांचे समकालीन एकामागून एक पडद्यावरून दूर झाले. त्यांनी उत्तरायुष्यात ज्योतिषाच्या अभ्यासात मन रमवले. पत्नी प्रतिभा मोडक यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. देवांच्या भूमिकांमागे असलेल्या माणसाचा शोध घेऊ पाहणाऱ्याने ते वाचावे.

जून १९८३ मध्ये प्रमाणपत्रांत आणखी दोन वर्ग वाढले, त्यातला ‘यूए’ लोकांच्या चटकन तोंडी बसला: मुलांनी पाहावे, पण पालकांच्या देखरेखीखाली. मंडळाच्या नावातून सेन्सॉर शब्द गेला आणि प्रमाणन आला. लोकांच्या बोलण्यातून तो काही गेला नाही. अलीकडे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, याच ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. कागद आता थरथरत नाही, कडांना ओरखडे नसतात, आणि त्याच्या मागेपुढे तंबाखूविरोधी सूचना असतात. रिळेच उरली नाहीत, तेव्हा मोजायचे तरी काय?

मोडक यांच्या हयातीतच त्यांचे राज्य दुसऱ्या पडद्याने घेतले. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’. त्यातला श्रीकृष्णही मराठीच, नितीश भारद्वाज. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. नगरच्या चितळे रस्त्यावरही चिटपाखरू दिसत नसे. बायका टीव्हीसमोर उदबत्ती लावून हात जोडत, जसे त्यांच्या आयांनी सकाळच्या खेळाला जोडले होते. फरक एवढाच की या श्रीकृष्णाच्या आधी कोणताही कागद येत नव्हता. दूरचित्रवाणीच्या मालिकांना ते प्रमाणपत्र लागत नसे.

शाहू मोडक ११ मे १९९३ रोजी निवर्तले. पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य. नगरात त्या सुमारास ‘संत ज्ञानेश्वर’चा एखादा खेळ लागला होता की नाही, मला आठवत नाही. माझ्या आठवणीत आहे तो त्याच्या खूप आधीचा एक सकाळचा खेळ: कागद आला, ‘यू’ दिसला, शेजारी बसलेल्या आजीने पदर सावरला आणि चित्रपट सुरू होण्याआधीच हात जोडून ठेवले.